युद्धकाळात जपानी शिक्षकांनी आपल्या मासिकात काय लिहिलं, ते वाचायचं कसं

जपानी शिकलेले लोक आपल्याकडे, खास करून पुण्यात, भरपूर आहेत, कुणी जपानी भाषेच्या परीक्षेत एन-थ्री झालेलं, कुणी त्याच्या वरची पातळी एन-टू, दिवसभर कंपनीची मॅन्युअलं ट्रान्सलेट करणारे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना इतिहासाची मनापासून आवड असते. ते मला नेहमी विचारतात की युद्धाच्या काळातलं मूळ जपानी काही वाचायचं तर सुरुवात कुठून करू. माझं उत्तर ठरलेलं आहे. सेनापतींच्या आठवणी बाजूला ठेवा, टोकियोचे पेपर पण नंतर बघू, आधी एखाद्या प्रांताच्या शिक्षक संघटनेचं मासिक हातात घ्या. जपानमध्ये जवळपास प्रत्येक प्रांतात क्योइकुकाई म्हणजे शिक्षण मंडळ असायचं, प्राथमिकचे शिक्षक, हेडमास्तर, नॉर्मल स्कूलचे म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेचे प्राध्यापक सगळे त्याचे मेंबर, आणि मंडळाचं स्वतःचं मासिक. त्यात पाठांचे रिपोर्ट, भाषणं, सहलींची वर्णनं, कविता, कोण गेलं त्याचे मृत्युलेख, सगळं. गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं इतकं सलग दुसरीकडे क्वचितच मिळतं.

मला याची ओढ का लागली तेही सांगते. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. घरात टाचणाच्या वह्यांचा ढीग असायचा, आणि साहेब तपासणीला येऊन गेले की शेरेबुकात काय शेरा मारला यावर रात्री जेवताना बोलणं व्हायचं. त्यामुळे शिक्षक वरच्यांसाठी एक लिहितो आणि वर्गात दुसरं काहीतरी चाललेलं असतं, आणि तरीही दोन्ही खरं असू शकतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. जपानी मासिकं वाचताना मला हेच सगळ्यात जास्त कामाला आलं.

सुरुवातीला मी पण चुकीचंच वाचत होते. आधी फक्त घोषणा शोधल्या, कुठे ‘पवित्र युद्ध’ आलं, कुठे ‘सम्राटाची प्रजा’ आलं, सगळं वहीत उतरवलं आणि शेवटी हातात काय, तर प्रत्येक शिक्षक दुसऱ्यासारखाच. मग उलटं टोक गाठलं, लपलेला विरोध शोधायला लागले, प्रत्येक उदास कवितेत मला बंड दिसायला लागलं. दोन्हीत माणूस हरवतो. एकाच माणसानं एकाच लेखात घोषणा पण लिहिलीय आणि पोराच्या फाटक्या बुटाबद्दल पण लिहिलंय, आणि ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून वाचायची, एवढंच मला सांगायचंय. खाली जे काही आहे ते हे करायचं कसं याबद्दल.

एकच प्रांत धरा. मी नागानो धरून सांगते. तिथल्या मंडळाचं नाव शिनानो क्योइकुकाई, शिनानो हे नागानोचं जुनं नाव, मंडळ १८८६ चं, आणि मासिकाचं नाव ‘शिनानो क्योइकु’. नागानो घ्यायचं कारण असं की इथल्या शिक्षकांची आधीची पंधरावीस वर्षं वाचली की युद्धकाळातली पानं अंगावर येतात. १९१०-२० च्या काळात हा प्रांत मोकळ्या विचारांच्या शिक्षकांसाठी ओळखला जायचा. शिमाकि आकाहिकोसारखा नावाजलेला तांका, म्हणजे छोट्या जपानी कविता, लिहिणारा कवी काही वर्षं या मासिकाचा संपादक होता. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये मात्सुमोतोच्या एका शाळेत कावाई सेइइचिरो नावाच्या शिक्षकानं तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर नीतिशिक्षणाचा तास घेतला आणि त्यात सरकारी पुस्तक न वापरता मोरि ओगाईची एक कथा शिकवली. एवढ्यावरून त्याच्यावर कारवाई झाली आणि त्याला नोकरी सोडावी लागली. मग ४ फेब्रुवारी १९३३ ला पोलिसांची धरपकड सुरू झाली, काही महिने चालली, डावे विचार आणि शिक्षकांची युनियन हे कारण, कायदा १९२५ चा शांतता रक्षणाचा. सहाशेच्या आसपास लोक पकडले, त्यात शिक्षक खूप. तारखेवरून याला ‘दोन-चार प्रकरण’ म्हणतात. पेपरांनी त्याला शिक्षक ‘लाल’ झाल्याचं प्रकरण म्हटलं आणि अख्ख्या प्रांतातल्या शिक्षकांकडे संशयानं बघितलं जायला लागलं.

आता हे डोक्यात ठेवून १९३८ नंतरचे अंक उघडा. तेच मंडळ, काही ठिकाणी तीच माणसं, आणि आता ती मांचुरियाला, म्हणजे जपानच्या ताब्यातल्या ईशान्य चीनला, शेती करायला पोरं पाठवण्याच्या कामात पुढे आहेत. आपण निष्ठावान आहोत हे दाखवायची घाई १९३३ मुळे आली असं बरेच अभ्यासक म्हणतात, मला ते पटतं, पण तेवढंच कारण धरू नका. डोंगराळ प्रांत, रेशमाचा धंदा मंदीत बसलेला, शेती तुकड्यातुकड्यांची, घरात धाकट्या मुलांना जमीन नाही. शिक्षकाला खरंच वाटलं असेल की या पोराचं तिकडे भलं होईल. हा ‘खरंच वाटणं’ वाला भाग सोडून वाचलं तर काहीच कळत नाही.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. अंक हातात आला, स्कॅन असो की पुनर्मुद्रण, आधी शेवटचं पान उघडायचं. तिथे ओकुझुके असतं, छापल्याची तारीख, प्रसिद्ध केल्याची तारीख, संपादक, मुद्रक. तारीख राजवटीच्या सालात असते. शोवा सालात १९२५ मिळवले की इसवी सन, म्हणजे शोवा १६ म्हणजे १९४१, शोवा १९ म्हणजे १९४४. तैशो असेल तर १९११ मिळवा. आणि कुठे २६०० असं साल दिसलं तर दचकू नका, ते पहिल्या सम्राटापासून मोजलेलं साल आहे, त्यातून ६६० वजा करायचे म्हणजे १९४०, त्या वर्षी देशभर २६०० व्या वर्षाचे समारंभ झाले होते. अजून एक, शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होऊन मार्चमध्ये संपतं, म्हणजे ‘शोवा १५ चं शैक्षणिक वर्ष’ असं लिहिलं असेल तर त्याचे शेवटचे तीन महिने १९४१ मधले. या साध्या हिशोबात गडबड झाली तर पर्ल हार्बरच्या आधीचा लेख नंतरचा वाटतो आणि सगळा अर्थच फिरतो.

लिपीचं सांगते, कारण एन-टू झालेले लोकही इथेच अडकतात आणि सोडून देतात. १९४६ च्या सुधारणेच्या आधीची लिहायची पद्धत वेगळी होती. कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, जुन्या, जास्त रेघांच्या. ‘देश’, ‘शिकणं’, ‘युद्ध’ या तीन कांजींचे जुने आकार पाठ केले तरी निम्मं पान मोकळं होतं कारण हे तीन शब्द जिथेतिथे आहेत. काना, म्हणजे उच्चाराची अक्षरं, पण जुना, लिहिलेलं असतं ‘केफु’ आणि वाचायचं ‘क्यो’, म्हणजे आज. ‘देसेउ’ लिहिलेलं ‘देशो’ वाचायचं. ‘तेफुतेफु’ म्हणजे चोचो, फुलपाखरू. मोठ्यानं वाचा, डोळ्यांना जे ओळखू येत नाही ते कानाला येतं. साधारण महिनाभर रोज एक पान केलं की हात बसतो.

आणि कोऱ्या जागांचा घोळ. ओळीच्या मध्येच एका अक्षराएवढी जागा मोकळी दिसली आणि त्याच्यानंतर सम्राटाशी संबंधित शब्द आला तर ती सेन्सॉरनं काढलेली जागा नाही, तो मान आहे, सम्राटाचा उल्लेख करण्याआधी जागा सोडायची किंवा नवीन ओळ घ्यायची अशी रीत होती. सेन्सॉरच्या भीतीनं झाकलेले शब्द वेगळे दिसतात, तिथे फुल्या नाहीतर गोळे छापलेले असतात, त्याला फुसेजि म्हणतात. १९३० च्या आसपासच्या अंकांमध्ये या फुल्या सापडतात, पुढे पुढे त्याही जातात. म्हणून १९४२ चा अंक स्वच्छ दिसला तर मोकळेपणा होता असं समजू नका, तोपर्यंत फुली मारावी लागेल असं कुणी लिहीतच नव्हतं.

पान मोजा. हे कंटाळवाणं वाटेल पण कराच. कागदाचं रेशनिंग झालं, छपाईवर सरकारी ताबा आला, तशी मासिकं बारीक होत गेली. पानं कमी झाली की आधी काय कापलं ते बघायचं. वर्गातले पाठ कापले का? मुलांचं लिखाण कापलं का? वरून आलेल्या सूचना तेवढ्याच राहिल्या का? अनुक्रमणिका ही संपादकाची कबुली असते असं मला वाटतं, कारण लेखातला शब्द भीतीनं लिहिलेला असू शकतो पण कुणाला किती पानं द्यायची हे त्यानं ठरवलेलं असतं. १९४४ मध्ये तर सगळी प्रांतिक मंडळं दाइ-निप्पोन क्योइकुकाई नावाच्या एका देशव्यापी मंडळाच्या शाखा झाली, तिथून पुढे ‘आपलं मासिक’ या शब्दातला ‘आपलं’ किती उरला हा प्रश्न प्रत्येक पानाला विचारा.

लिहिणारा कोण आहे ते नावाच्या आधीच्या पदावरून कळतं. कुंदो म्हणजे पात्रता असलेला प्राथमिक शिक्षक. दाइयो क्योइन म्हणजे पात्रता नसलेला, तात्पुरता घेतलेला. कोचो म्हणजे हेडमास्तर. आणि शिगाकु म्हणजे तपासणीला येणारे साहेब, ज्यांच्या एका शेऱ्यावर बदली व्हायची. शिगाकुचा लेख आणि कुंदोचा लेख एकाच अंकात असेल तर आधी शिगाकुचा वाचा, त्यातले चारपाच लाडके शब्द लिहून ठेवा, मग कुंदोच्या लेखात ते कुठे येतात बघा. बहुतेक वेळा सुरुवातीला आणि शेवटी येतात. मधला भाग हा शिक्षकाचा स्वतःचा, आपलं काम तिथे आहे. बायकांचे लेख कमी सापडतात, पण पुरुष शिक्षक सैन्यात जायला लागले तसे वर्ग बाईंच्याच हातात येत गेले, त्यामुळे १९४३-४४ च्या अंकात एखाद्या बाईंचं अर्धं पान जरी सापडलं तरी ते आधी वाचा.

शब्दांची एक छोटी यादी जवळ असू द्या, पण पाठ करायला नाही, तारखेशी जोडायला. एप्रिल १९४१ पासून प्राथमिक शाळेचं नावच बदललं, शोगाक्को होतं ते कोकुमिन गाक्को झालं, १९४७ ला परत शोगाक्को. कोकुमिन गाक्को बरोबर एक शब्द सगळीकडे पसरला, रेन्सेइ, म्हणजे तावून सुलाखून घडवणं, लोखंड ठोकून घडवतात तसं. १९३९ च्या सप्टेंबरपासून दर महिन्याची १ तारीख ही त्यागाची तारीख ठरली, डब्यात नुसता पांढरा भात आणि मध्ये एक लाल उमेबोशि, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, जपानच्या झेंड्यासारखा दिसणारा डबा. १९४२ पासून ती तारीख ८ झाली, कारण युद्धाची घोषणा ८ डिसेंबरची. म्हणजे एखाद्या शिक्षकानं नुसतं ‘आज ८ तारीख, मुलांचे डबे बघितले’ असं लिहिलं तरी तो काय बघत होता ते तुम्हाला कळलं पाहिजे. डब्यात भात आहे का हे तो बघत होता, आणि भात कुणाच्या डब्यात नाही हेही त्याला दिसत होतं.

आता एक परिच्छेद घेऊन करून दाखवते. हा मी स्वतः रचलेला नमुना आहे, कुठल्याही अंकातला नाही, पण या जातीचं लिखाण वाचून वाचून रचलाय. समजा शोवा १८ मधला एक कुंदो लिहितोय:

‘या महायुद्धाच्या निर्णायक क्षणी आम्ही शिक्षकांनी सम्राटाची प्रजा घडवण्याचं काम अधिक निष्ठेनं केलंच पाहिजे. गेल्या महिन्यात सहावीची मुलं डोंगरातून कोळशाची पोती पाठीवर घेऊन खाली आली. एक लहानखुरा मुलगा वाटेत तीनदा बसला. त्याचा थोरला भाऊ दक्षिणेत आहे. मुलांच्या डोळ्यांत खरोखर तेज होतं.’

पहिलं वाक्य बघा. कर्ता ‘आम्ही’, जपानीत वारेरा. क्रियापदाच्या शेवटी ‘केलंच पाहिजे’, जपानीत नेबा नारानु. हे नेबा नारानु पेन्सिलनं अधोरेखित करत जा, युद्धकाळातल्या लेखात ते इतक्या वेळा येतं की पान भरून जातं, आणि जिथे ते थांबतं तिथे शिक्षक आदेशातून बाहेर येऊन वर्गात शिरलेला असतो. दुसऱ्या वाक्यात ते थांबलं. साधा भूतकाळ, मुलं खाली आली. तिसऱ्या वाक्यात ‘तीनदा’. कुणीतरी मोजलं. मोजणारा माणूस त्या पोराच्या मागेच चालत होता, नाहीतर तीनदा कळलं नसतं. चौथं वाक्य, दक्षिणेत म्हणजे पॅसिफिक किंवा आग्नेय आशियातल्या आघाडीवर, शिक्षकाला पोराच्या घरातलं माहीत आहे. आणि शेवटी परत छापील शब्द, तेज.

इथे आपला मोह होतो निकाल देण्याचा. हा शिक्षक दमलेल्या पोराबद्दल लिहून आतून तक्रार करतोय? की बसला पण परत उठला, म्हणजे रेन्सेइ यशस्वी झालं, असं कौतुक सांगतोय? या पाच वाक्यांवरून ठरत नाही, आणि ठरवू नका. वहीत दोन्ही लिहा, शेजारी त्याचं नाव लिहा, आणि त्याचे आधीचे नंतरचे लेख शोधा. १९३१ मध्ये तो काय लिहीत होता? मुलांच्या निबंधांबद्दल लिहीत होता का? १९४६ मध्ये लिहितोय का? एका लेखाचा अर्थ त्याच माणसाच्या दुसऱ्या लेखात सापडतो.

जपानीत कर्ता गाळता येतो हे पण सारखं डोक्यात असू द्या. ‘पाठवण्यात आलं’, ‘निवड झाली’, ‘अर्ज आले’, अशी वाक्यं दिसली की समासात प्रश्न लिहा, कुणी पाठवलं, कुणी निवडलं, घरी जाऊन आईबापांना कुणी पटवलं.

कारण याचं उत्तर बऱ्याचदा ‘वर्गशिक्षकानं’ असं आहे. इथे मी जरा थांबते. १९३८ पासून मांचुरियाला पोरांची तुकडी पाठवायची योजना सुरू झाली, मानमो काइताकु सेइशोनेन गियूगुन, वय त्यांच्या मोजणीनं १६ ते १९, आपल्या मोजणीनं अजून लहान, वरची प्राथमिक संपवून नुकती बाहेर पडलेली पोरं. आधी इबाराकि प्रांतातल्या उचिहाराला दोनतीन महिने ट्रेनिंग, तिथे सूर्यासारख्या गोल आकाराच्या लाकडी बराकी होत्या, मग मांचुरियात तीन वर्षं. नाव स्वयंसेवक, पण प्रांतांना आकडे ठरवून दिलेले, ते आकडे शाळांपर्यंत उतरायचे आणि शेवटी एखाद्या वर्गशिक्षकाच्या अंगावर यायचे. देशभरातून ८६ हजारांच्या आसपास पोरं गेली. नागानोतून साडेसहा हजारांच्या वर, सगळ्या प्रांतांत जास्त. मोठी माणसं, कुटुंबं धरून नागानोतून मांचुरियाला गेलेले साधारण ३३ हजार, तोही आकडा देशात पहिला.

म्हणून या विषयावरचे लेख वाचताना तीन प्रकार वेगळे ठेवा. एक, मांचुरिया बघून आलेल्या शिक्षकाचं प्रवासवर्णन, त्यात काळी माती आणि क्षितिजापर्यंत शेतं असणारच, पण ती जमीन आधी कोण कसत होतं याबद्दल किती ओळी आहेत ते मोजा, चिनी आणि कोरियन शेतकरी त्यात कुठे दिसतात का बघा. दोन, पोरं कशी तयार केली याचा अनुभव, यात घरभेटी असतात आणि आईचं रडणं एका ओळीत येऊन जातं, ती ओळ सोडू नका. तीन, तिकडून पोरांनी शिक्षकाला लिहिलेली पत्रं. ही पत्रं छापायला निवडलेली आहेत हे लक्षात ठेवा, पण निवडलेल्या पत्रातही पोरगं थंडीबद्दल, खाण्याबद्दल, गावाकडच्या सणाबद्दल काहीतरी बोलून जातंच.

सैन्यात गेलेल्या शिक्षकांची पत्रं पण अशीच वाचायची, आणि तिथे त्या भागातली रेजिमेंट कुठे होती हे माहीत असलं तर फार मदत होते. मात्सुमोतोची ५० वी रेजिमेंट १९४४ च्या उन्हाळ्यात पॅसिफिकमधल्या तिनियान बेटावर जवळजवळ पूर्ण संपली. शेजारच्या निगाता प्रांतातल्या ताकादाची ५८ वी रेजिमेंट त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरला सांगशाकला लढत होती, आणि समोर आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. मला हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आता जे छापलंच नाही त्याबद्दल. दहाबारा वर्षांच्या अनुक्रमणिका समोर ठेवल्या की काही नावं मध्येच बंद पडलेली दिसतात. सैन्यात गेला, आजारी पडला, बदली झाली, यातलं काहीही असेल, पण अटक पण असू शकते. नागानोत १९३३, आणि उत्तरेकडे पुढे. उत्तरेची गोष्ट वेगळी आणि फार जवळची आहे. अकितामध्ये नारिता तादाहिसा आणि त्याच्या सोबत्यांनी फेब्रुवारी १९३० मध्ये ‘होप्पो क्योइकु’ म्हणजे उत्तरेचं शिक्षण नावाचं मासिक काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, मुलानं आपलं रोजचं जगणं जसं आहे तसं लिहावं. त्याला सेइकात्सु त्सुझुरिकाता म्हणतात, जगण्याचं लिखाण. पण १९३१ आणि १९३४ ला तिकडे पिकं बुडालेली, पोरगं जसं आहे तसं लिहायला बसलं की कर्ज येणार, भूक येणार, बहिणीला कामाला पाठवलं ते येणार. पोलिसांना यात वर्गसंघर्ष दिसला. फेब्रुवारी १९४० मध्ये यामागातात याच चळवळीतल्या मुरायामा तोशितारोला पकडलं, नोव्हेंबर १९४० पासून होक्काइदोत पन्नासच्या वर शिक्षक पकडले. निबंध लिहून घेतले म्हणून. हे वाचल्यावर १९४१ नंतरच्या अंकातला मुलांचा निबंध वेगळाच दिसतो, त्यात भूक नाही म्हणजे भूक नव्हती असं नाही.

कवितांचं पान सोडू नका, लोक सोडतात. तांका म्हणजे ३१ मात्रा, त्यात घोषणा पूर्ण बसते आणि वर थोडी जागा उरते, त्या उरलेल्या जागेत कधी बर्फ असतो, कधी वर्गातला रिकामा बाक. नागानोच्या शिक्षकांमध्ये तांका लिहिणारे खूप, आकाहिकोची परंपराच ती. महिन्यानुसार वाचा, नुसतं ऋतूचं वर्णन असलं तरी कोणत्या महिन्यातलं काय हे शेती माहीत असलेल्या माणसाला बरंच सांगतं.

१९४४-४५ चे अंक पातळ असतात आणि पटकन वाचून होतात, पण संदर्भ माहीत हवेत. ऑगस्ट १९४४ पासून टोकियोची तिसरी ते सहावीची पोरं गटागटानं नागानोत आली, देवळांत आणि गरम पाण्याच्या झऱ्यांजवळच्या धर्मशाळांसारख्या जागी राहिली. गावातल्या पोरांना पाइनची मुळं खणायला लावली, त्यातून विमानाचं तेल काढायचं होतं. मार्च १९४५ मध्ये ठरलं की प्राथमिक सोडून बाकी शाळांचे वर्ग एप्रिलपासून वर्षभर बंद. शिक्षक काय शिकवत होता याचं उत्तर त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी ‘शिकवत नव्हता’ असंच आहे.

आणि ऑगस्ट १९४५ ला थांबू नका, ही फार मोठी चूक होते. १९४५ ते १९४८ चे अंक मिळतील तेवढे घ्या. सप्टेंबर १९४५ मध्ये पुस्तकातले युद्धाचे धडे काढायचा आदेश आला आणि मुलांनी शिक्षकाच्या समोर बसून आपल्याच पुस्तकातल्या ओळींना शाई फासली. कालपर्यंत जो शिक्षक त्या ओळी पाठ करून घेत होता तोच आज पान नंबर सांगत होता. १९४६ मध्ये शिक्षकांची छाननी सुरू झाली. या काळातल्या लेखात ‘पश्चात्ताप’ हा शब्द दिसला की त्याचा कर्ता शोधा, परत तेच व्याकरण. ‘मी’ आहे की ‘आम्ही’ आहे, की ‘आपण सगळे जपानी’. आणि विसरू नका की १९४९ पर्यंत अमेरिकन ताब्याचं सेन्सॉर होतं, म्हणजे अणुबॉम्बबद्दल किंवा ताबा घेणाऱ्यांबद्दल न लिहिण्यालाही कारण होतं. त्या काळातली मासिकं, सेन्सॉरच्या खुणांसकट, अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या प्रांगे संग्रहात आहेत.

बाकीचं शोधायचं तर नॅशनल डायट लायब्ररीच्या डिजिटल कलेक्शनमध्ये मजकुरात सर्च करता येतो, बरीचशी पानं घरबसल्या उघडत नाहीत पण शब्द कुठल्या मासिकाच्या कुठल्या अंकात आहे ते कळतं, आणि तेवढ्यावर कॉपी मागवता येते किंवा तिकडच्या मित्राला लायब्ररीत पाठवता येतं. कोणत्या विद्यापीठाकडे कोणते अंक आहेत ते साइनीवर, म्हणजे जपानी विद्यापीठांच्या लायब्ररींच्या ऑनलाइन यादीत, बघा. शब्द टाकताना जुनी आणि नवी दोन्ही कांजी टाकून बघा. सुरुवातीला चारच अंक घ्या, १९३२, १९३८, १९४३, १९४६, शक्यतो एकाच महिन्याचे. चारशे पानं वरवर चाळण्यापेक्षा हे चार अंक दोन महिने वाचणं चांगलं.

शिक्षकांची नावं सापडतील. त्यांची नातवंडं आज त्याच गावात राहतात. अभ्यासात लिहायचं तर नाव जपून वापरा, आणि एका लेखावरून कुणाला गुन्हेगार नाहीतर हिरो करून कुठे पोस्ट करू नका.

आणि कधी जपानला गेलात, कामासाठी का होईना, तर एक दिवस काढून नागानोच्या दक्षिणेला इदाजवळच्या आचि गावात जा. सगळ्या नागानोत मांचुरियाला जास्त माणसं याच भागातून गेली. तिथे २०१३ पासून मांचुरियाला गेलेल्या लोकांचं शांतता स्मारक म्युझियम आहे. याच गावच्या देवळातले पुजारी यामामोतो जिशो हे शाळेत शिकवायचे पण, आणि १९४५ च्या मे महिन्यात, युद्ध संपायला तीन महिने उरलेले असताना, गावातल्या कुटुंबांबरोबर आणि शाळेतल्या मुलांबरोबर मांचुरियाला गेले. ऑगस्टमध्ये सोव्हिएत सैन्य आत आलं. देशभरातून गेलेल्या साधारण २ लाख ७० हजार लोकांपैकी ८० हजारांच्या आसपास परत आलेच नाहीत. यामामोतो सैबेरियातून जिवंत परतले, आणि चीनमध्ये मागे राहिलेल्या मुलांना शोधण्यात त्यांनी उरलेलं सगळं आयुष्य घातलं. स्वतःची मुलगी त्यांना १९८० च्या दशकात सापडली.

म्युझियममध्ये त्या काळातून वाचलेली माणसं आणि त्यांचं ऐकून ठेवलेले लोक बोलायला बसतात, कातारिबे म्हणतात त्यांना, दिवस आधी बघून जा. तुमची वही सोबत न्या, ज्यात त्या मासिकातल्या वाक्यांशेजारी तुम्ही ‘कुणी पाठवलं’ असं लिहून ठेवलंय ती. मी गेले होते तेव्हा एका आजींनी बोलता बोलता आपल्या वर्गशिक्षकांचा उल्लेख केला, ‘सेन्सेइ घरी आले होते’ एवढंच म्हणाल्या, आणि मग चहा घेतला.